खापर कुणावर फोडायचं? इट्रुस्कन तुकडे तपासताना या चुका टाळा

उत्खननाच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हाती एक काळाभोर, गुळगुळीत तुकडा लागला. तळहाताएवढाही नव्हता, पण उन्हात धरला की चमकायचा. मी चिठ्ठीवर ऐटीत ‘बुक्केरो’ (इट्रुस्कनांची आरपार काळी भांडी) लिहिलं, पिशवी बंद केली आणि पुढच्या तुकड्याकडे वळले. संध्याकाळी खापरांच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंनी तो उचलला. चकाकणाऱ्या बाजूकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तुटलेली कड सरळ डोळ्यांपाशी नेली. आतली माती फिकट, गुलाबीसर होती आणि वरचा काळा थर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ते बुक्केरो नव्हतंच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या, काळ्या झिलईच्या एका वाडग्याचा तो तुकडा होता. माझ्या एका शब्दाने तो सापडला तो जमिनीचा थर तीनेकशे वर्षं मागे गेला असता.

त्यानंतरचे काही उन्हाळे मी इट्रूरियातल्या खापरांसोबत काढले. इट्रूरिया म्हणजे इटलीत आर्नो आणि टायबर या नद्यांमधला मुलूख: आजचा तोस्काना, लात्सिओचा उत्तर भाग, उंब्रियाची पश्चिम कड. इसवी सनापूर्वी नवव्या शतकापासून पहिल्या शतकापर्यंत इथे इट्रुस्कन लोक नांदले. त्यांचे कोरीव लेख हजारोंनी सापडतात, पण त्यांनी स्वतः लिहिलेला इतिहास किंवा काव्य असं काही हाती आलेलं नाही. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचं तर बरंच ओझं खापरांवर येतं. खाली सांगितलेल्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केल्या आहेत, उरलेल्या शेजारच्या टेबलांवर होताना बघितल्या. महागड्या यंत्रापर्यंत तुकडा पोहोचायच्या कितीतरी आधी, बादलीपाशी आणि पिशवीपाशीच यातल्या बहुतेक होऊन गेलेल्या असतात.

चकाकीला भुलणं

इट्रुस्कन खापरांत काळा रंग फसवतो, कारण काळं होण्याच्या वाटा अनेक आहेत.

बुक्केरोची माती तशी साधीच, लोह असलेली. मोकळ्या हवेत भाजली तर तांबडी झाली असती. पण कुंभार भट्टीतली हवा कोंडायचा. प्राणवायू तुटला की मातीतला तांबडा लोह-ऑक्साइड काळा होतो, शिवाय धुरातला कार्बन अंगात मुरतो. आपल्याकडे आवा झाकून, धूर कोंडून काळी मडकी करतात, तेच तत्त्व. म्हणून चांगलं बुक्केरो आरपार काळं असतं. ही चकाकी लेपाची नव्हे. भाजण्यापूर्वी घोटून आणलेली. इसवी सनापूर्वी ६७५ च्या सुमारास दक्षिण इट्रूरियातल्या चेर्वेतेरीत याची सुरुवात झाली. सुरुवातीची भांडी इतकी पातळ की दोन-तीन मिलिमीटर जाडीची भिंत बघून हात जपून चालतो. ती धातूच्या भांड्यांची नक्कल करायला निघाली होती आणि कडा, खाचा, मुठी सगळ्यांत ते दिसतं. पुढे सहाव्या शतकात कियुसी, ओर्व्हिएतो या बाजूला जाडजूड, ठसे उठवलेलं बुक्केरो आलं. पाचव्या शतकाकडे जाताना त्याचा कस उतरला आणि करडी, निस्तेज भांडी बनू लागली.

काळ्या झिलईची भांडी याच्या अगदी उलट बनतात. अंग साधं, फिकट किंवा तांबूस. त्यावर गाळून गाळून काढलेल्या अतिबारीक मातीचा पातळ लेप. भट्टीत आधी हवा खेळू द्यायची, मग कोंडायची, मग पुन्हा सोडायची. मधल्या टप्प्यात सगळंच काळं होतं. शेवटी हवा आली की अंग परत तांबूस होतं. लेप मात्र तोवर काचेसारखा घट्ट झालेला असतो, त्यात हवा शिरत नाही, तो काळाच राहतो.

म्हणून आधी कड, मग पृष्ठभाग. आणि कड म्हणजे ताजी कड. अडीच हजार वर्षं मातीत राहिलेली कड मळकट असते, तिच्यावर चुन्याचा थर बसलेला असतो. साईटच्या प्रमुखाची परवानगी असेल तर पक्कडीने एका कोपऱ्याचा तांदळाच्या दाण्याएवढा कपचा काढायचा. नक्षीच्या, काठाच्या किंवा अक्षरांच्या बाजूने कधीच नाही. भिंग दहा पटींचं पुरे.

तरी गोंधळ होतो. जाडसर, हाताने घडवलेल्या मातीच्या भांड्यांना इथे इम्पास्तो म्हणतात. ती चुलीवर धुरकटून बाहेरून काळी होतात, कधी आतूनही. त्यांच्या कडेत मोठाले खडे, चमकते कण दिसतात. बुक्केरोची माती गाळलेली, कण बारीक. या दोघांमधलीही एक जात आहे: बुक्केरोसारखी दिसू पाहणारी पण इम्पास्तोच्या मातीची. तिच्यासाठी वेगळा खाना ठेवा, ओढूनताणून एकीकडे ढकलू नका.

एकदा मी चक्क दोन तुकडे ‘जुळत नाहीत’ म्हणून वेगळे ठेवले, कारण एक काळा होता आणि दुसरा विटकरी. कडा मात्र एकमेकींत चपखल बसत होत्या. झालं होतं असं की भांडं फुटल्यानंतर एक तुकडा आगीत सापडला: घराला लागलेली आग असेल, चिता असेल. मोकळ्या आगीत बुक्केरोमधला कार्बन जळून जातो, लोह पुन्हा तांबडं होतं. त्यामुळे ‘तांबडं आहे म्हणजे बुक्केरो नाही’ हेही खरं नाही. असा संशय आला तर छोटे कपचे काढून विजेच्या भट्टीत, मोकळ्या हवेत, एकाच तापमानाला पुन्हा भाजून बघतात. माती एक असेल तर भाजल्यावर रंग एक येतो. रंगाच्या तक्त्याशी तुलना करतानाही दिवसाच्या उजेडात, सावलीत बसा. ट्यूबलाइटखाली मी एकदा अख्खी दुपार रंग लिहिले आणि दुसऱ्या दिवशी सगळे खोडले.

टूथब्रशचा जोर

खापरं धुणं हे नव्या पोरांना देण्याचं काम समजतात. माझ्या मते ते सगळ्यांत अनुभवी माणसाने करावं, किमान त्याच्या नजरेखाली व्हावं.

चुका साध्या असतात. कडा घासल्या की त्या गोल होतात आणि तुकडे नंतर जुळत नाहीत. कमी भाजलेलं इम्पास्तो पाण्यात भिजत ठेवलं तर ओघळतं. बादलीच्या तळाशी चिखल उरतो, तो गाळ नसतो, भांडं असतं. ग्रीसमधल्या कोरिंथच्या धर्तीवर इट्रूरियात रंगवलेल्या भांड्यांवर वरून दिलेला जांभळट-तांबडा आणि पांढरा रंग ब्रशने सहज निघून जातो. खाली फक्त फिकट सावली राहते. बुक्केरोवरच्या कोरीव रेघांत कधी तांबडी गेरू भरलेली असते. ती माती समजून काढली की संपलं. कोरडा मऊ ब्रश, मग ओलसर स्पंज, आणि टूथब्रश फक्त घट्ट भाजलेल्या साध्या खापरांना, तोही कडा सोडून.

ब्रशने नवे ओरखडेही पडतात. मग कुणीतरी त्यांना ‘कोरीव खूण’ म्हणून नोंदवतं. नवा ओरखडा आतून उजळ असतो. जुन्या खाचेत माती आणि चुना बसलेला असतो. भिंगाखाली फरक लगेच कळतो, पण धुतल्यावर त्या खाचेतली माती गेली की पुरावाही गेला.

चुन्याचा थर काढायला सौम्य आम्लात बुडवून ठेवायची सवय काही ठिकाणी आहे. शेजारच्या टेबलावरच्या एका मुलाने तसं केलं आणि तुकडे सुंदर स्वच्छ निघाले. अंगातले चुनखडीचे कणही त्याबरोबर विरघळले होते. भिंगाखाली माती चाळणीसारखी दिसत होती. पुढे कुणी ती बघून ‘गवत-भुसा मिसळलेली माती’ असं लिहिलं असतं, कारण जळालेल्या भुश्याचीही अशीच भोकं राहतात.

काही तुकडे तर धुवायचेच नसतात. भांड्यात काय होतं हे शोधायचं असेल तर मातीत मुरलेले मेदाचे, मेणाचे, राळेचे अंश हवे असतात. दक्षिण फ्रान्समधल्या लात या बंदरात, म्हणजे प्राचीन लात्तारात, इसवी सनापूर्वी ५२५ ते ४७५ या काळातले इट्रुस्कन अँफोरा, म्हणजे दोन कानांचे उंच घडे, सापडले. पॅट्रिक मॅकगव्हर्न यांच्या गटाने २०१३ साली त्यांच्यावरचं काम प्रसिद्ध केलं. त्यांनी मुद्दाम न धुतलेली, बंदिस्त थरातली भांडी निवडली होती. त्यातून टार्टारिक आम्ल मिळालं, म्हणजे द्राक्षं. शिवाय पाइनची राळ आणि वनस्पतींचे अंश मिळाले. इट्रुस्कन दारू समुद्रमार्गे गॉलमध्ये जात होती याला रसायनशास्त्राचा आधार मिळाला तो असा. हेच तुकडे कुणी टूथब्रशने घासले असते तर? असा तुकडा दिसला की हाताला सनस्क्रीन असताना उचलू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकू नका (प्लॅस्टिकमधली रसायनं विश्लेषणात उतरतात), ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा आणि शेजारची मूठभर मातीही वेगळी ठेवा. ती माती लागते. भांड्यातलं आणि जमिनीतलं वेगळं करायला दुसरा उपाय नाही.

साध्या खापरांना केर समजणं

१८४० च्या दशकात जॉर्ज डेनिस नावाचा इंग्रज प्रवासी वुल्ची या जुन्या इट्रुस्कन शहराच्या जागी गेला. तिथे नेपोलियनचा भाऊ ल्यूसियन बोनापार्त याच्या विधवेच्या जमिनीवर थडगी खणणं चालू होतं. मजूर नक्षी नसलेली भांडी पायाखाली चिरडत होते, कारण बाजारात त्यांना किंमत नव्हती. एखाददुसरं तरी राहू द्या म्हणून डेनिसने विनवलं. कुणी ऐकलं नाही. मुकादमाच्या लेखी तो सगळा फालतू माल होता.

आज कुणी चिरडत नाही. आज काठ, बूड, मूठ आणि नक्षीचे तुकडे ठेवतात आणि ‘उरलेलं अंग’ पोत्यात भरून कोपऱ्यात टाकतात. परिणाम बराचसा तोच. स्वयंपाकाची गाडगी, धान्याचे रांजण, पाणी भरायची भांडी यांत घराचं रोजचं जगणं आहे आणि त्यांची अंगंच जास्त सापडतात. तोस्कानात मुर्लोजवळ पोज्जो चिविताते इथे १९६६ पासून खणतात. मोठाल्या इमारती, छपरावरच्या टेराकोटाच्या मूर्ती यांमुळे ती जागा गाजली. पण तिथे कोण राबत होतं, काय शिजवत होतं, हे सुंदर मूर्तींना विचारून कळणार नाही.

इथेच मोजणीची चूक होते. नुसते तुकडे मोजले तर एक रांजण फुटून दीडशे तुकडे होतात आणि ‘या घरात साठवणीची भांडी प्रचंड’ असा निष्कर्ष निघतो. नुसतं वजन केलं तर तोच रांजण पुन्हा जिंकतो. दोन्ही लिहा, आणि जोडीला काठांचा हिशेब ठेवा: प्रत्येक काठाचा तुकडा पूर्ण वर्तुळाच्या किती टक्के आहे ते वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून बघायचं आणि एका जातीची बेरीज करायची. १५, ३०, २० आणि ३५ टक्के मिळाले तर ते एका भांड्याच्या काठाइतकं झालं. यातून प्रत्यक्ष किती भांडी होती ते कळत नाही, पण दोन खोल्यांची तुलना प्रामाणिकपणे करता येते.

कौलांचे तुकडे खापरांत मिसळणं ही तर रोजची गंमत. सपाट, जाड, एका बाजूला खरबरीत असेल तर आधी कौलाचा विचार करा. मागाची वजनं आणि सूतकताईच्या चकत्याही अर्ध्या फुटल्या की भांड्याच्या मुठी वाटतात.

हातभर तुकड्यावरून ग्रीस गाठणं

इट्रूरियाच्या थडग्यांतून अठराव्या शतकात रंगीत भांडी निघाली, तेव्हा युरोपभर त्यांना ‘इट्रुस्कन’ म्हणत. जोसाया वेजवुडने १७६९ साली इंग्लंडात नवा कारखाना काढला, त्याला नावच ‘एट्रूरिया’ दिलं आणि पहिल्या दिवशी फिरवलेल्या भांड्यांवर ‘इट्रूरियाच्या कला पुन्हा जन्मतात’ अशा अर्थाची लॅटिन ओळ लिहिली. त्याच्यासमोर जे नमुने होते ते ग्रीक आणि दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतींचे होते. पुढच्या शतकात भांड्यांवरची ग्रीक अक्षरं नीट वाचली गेली आणि तोल उलटा झाला. आता जे सुबक ते ग्रीक, जे ओबडधोबड ते इट्रुस्कन, असं होऊन बसलं. ही दुसरी चूक आजही टेबलावर होते.

खरा मामला गुंतागुंतीचा आहे. इसवी सनापूर्वी ६३० ते ५४० या काळात वुल्ची, चेर्वेतेरी इथे कोरिंथची नक्कल करणारे कारागीर होते आणि त्यांतले काही फार चांगले होते. चेर्वेतेरीच्या प्रसिद्ध रंगीत हायड्रिया, म्हणजे पाण्याचे घडे, तिथेच बनले. बनवणारे बहुधा पूर्वेकडच्या आयोनियातून आलेले ग्रीक होते. मग ते भांडं ग्रीक की इट्रुस्कन? उलट अथेन्समध्ये निकोस्थेनिस नावाच्या कुंभाराने इट्रुस्कन बुक्केरोचा आकार उचलला, त्यावर अथेन्सची काळ्या आकृतींची चित्रं रंगवून घेतली आणि माल परत इट्रूरियाला विकला. गिऱ्हाइकाची नस ओळखणारा माणूस! आकार इट्रुस्कन, माती अथेन्सची. त्याचा रुंद, पट्टीसारखा कान तुमच्या हाती आला तर नुसत्या आकारावरून काय लिहाल?

मी आता असे तीन वेगळे रकाने ठेवते: माती कुठली, आकार कुठला, नक्षी कुठली. तिन्ही एकाच जागी बोट दाखवतील अशी अपेक्षा करत नाही. तिसरा बहुतेक वेळा रिकामाच राहतो.

एका कणावरून गाव सांगणं

दक्षिण इट्रूरियाची जमीन ज्वालामुखीची. चेर्वेतेरी, वेई, तार्क्विनिया यांच्या परिसरातल्या मातीत औगाइटचे काळे-हिरवट चमकते कण, सॅनिडीन असे ज्वालामुखी खनिजांचे कण दिसतात. उत्तरेकडे मुख्यतः चुनखडी आणि वालुकाश्माचा प्रदेश. त्यामुळे नवा माणूस भिंगाखाली काळा कण दिसला की ‘दक्षिणेकडचा माल’ असं लिहून मोकळा होतो. मीही झाले आहे. पण दक्षिण तोस्कानात मॉन्ते अमियाता हा विझलेला ज्वालामुखी उभा आहे. रोमच्या आग्नेयेला आल्बन टेकड्या ज्वालामुखीच्याच. आणि नेपल्सच्या आखाताजवळ बनलेल्या रोमन काळातल्या अँफोरांत तर काळ्या वाळूसारखे औगाइटचे कण खच्चून भरलेले असतात. म्हणजे कण आहे एवढ्यावर भागत नाही. कोणते कण एकत्र आहेत, किती आहेत, गोल झालेत की टोकदार आहेत, हे लागतं. त्यासाठी तुकड्याचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तेवढ्या जाडीत दगडही काचेसारखे पारदर्शक होतात.

हातात धरायचं, पिस्तुलासारखं दिसणारं, क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं एक्सआरएफ यंत्र आल्यापासून नवी घाई आली आहे. तुकड्यावर टेकवा, आकडे घ्या. पण ते वरवरचं मोजतं. लेपावर टेकवलं तर लेपाचे आकडे येतात, जमिनीतून शिरलेल्या फॉस्फरस-कॅल्शियमचे आकडे येतात, मोठ्या खड्यावर टेकलं तर खड्याचे येतात. सोडियमसारखी हलकी मूलद्रव्यं ते नीट पकडतच नाही. स्वच्छ केलेल्या ताज्या कडेवर, तीन-चार ठिकाणी, आणि ज्याचे आकडे माहीत आहेत अशा प्रमाणित नमुन्यासोबत मोजलं नसेल तर दुसऱ्या साईटच्या आकड्यांशी तुलना करू नका.

मातीचं ऐकलं तर काय होतं याचं पुणेकरांना जवळचं उदाहरण आहे. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ साली पुद्दुचेरीजवळ अरिकामेडूला उत्खनन केलं. तिथे अरेत्झोच्या तांबड्या, चकचकीत भांड्यांचे तुकडे मिळाले. अरेत्झो मूळचं इट्रुस्कन शहर, तोवर रोमन झालेलं. त्याच जागी फिरत्या दातेरी हत्याराने नक्षी उठवलेली रुलेटेड मृद्भांडी होती, आणि तीही भूमध्य समुद्राकडचीच असावीत असं व्हीलर यांनी धरलं. घडण तशीच होती. पुढे डेक्कन कॉलेजमध्ये विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांनी मातीतली खनिजं तपासली आणि १९९७ साली मांडलं की ही माती बंगालमधल्या चंद्रकेतुगढ-तामलुक भागातली आहे. दिसायला परदेशी वाटणारी भांडी भारतातच बनली होती.

थराची तारीख

सगळ्यांत देखणा तुकडा थराची तारीख ठरवत नाही. सगळ्यांत उशिराचा ठरवतो. दोनशे बुक्केरोच्या तुकड्यांत काळ्या झिलईचे चार असतील, तर थर त्या चारांनंतरचा. बुक्केरो जुन्या मातीबरोबर वर आलेलं. अपवाद एकच: तो उशिराचा तुकडा एकटाच, नखाएवढा असेल आणि थरात उंदराचं बीळ किंवा झाडाचं मूळ असेल, तर आधी खोदणाऱ्याला विचारा.

कार्बन-१४ ने प्रश्न सुटेल असं वाटतं, पण नेमक्या इट्रुस्कन काळात तो हात वर करतो. इसवी सनापूर्वी सुमारे ८०० ते ४०० या काळात कार्बनच्या कालमापनाचा आलेख जवळजवळ सपाट आहे. उत्तर येतं ते काही शतकांच्या पट्ट्यात. म्हणून इथे खापरांच्या तारखा एवढ्या महत्त्वाच्या, आणि म्हणूनच त्या फिरून फिरून स्वतःलाच आधार देत नाहीत ना, हे तपासायला हवं. अनेक तारखा थडग्यांतल्या भांड्यांवरून ठरल्या आहेत, आणि कोरीव खोल्यांची थडगी पिढ्यान्‌पिढ्या उघडून वापरली जात. चेर्वेतेरीच्या थडग्यांवरून बसवलेला आकारांचा क्रम जसाच्या तसा उत्तरेकडच्या एखाद्या खेड्यावर लावला तर पन्नासेक वर्षं सहज इकडेतिकडे होतात.

शिवाय माणसं चांगली भांडी जपतात. युफ्रोनिओसने घडवलेलं आणि ओनेसिमोसने ट्रॉयचा पाडाव रंगवलेलं एक मोठं पेयपात्र अथेन्सहून चेर्वेतेरीला आलं, प्राचीन काळीच फुटलं, तेव्हाच दुरुस्त झालं आणि त्याच्या पायाखाली हर्क्ले देवाला, म्हणजे हेराक्लीसला, अर्पण केल्याचा इट्रुस्कन लेख आहे. अमेरिकेतल्या गेट्टी संग्रहालयाकडे ते तुकड्यातुकड्यांनी पोहोचलं होतं. १९९९ मध्ये इटलीला परत आलं. अशा पात्राचा एक तुकडा जमिनीत सापडला, तर तो घडल्याची तारीख आणि पडल्याची तारीख यांत पिढ्यांचं अंतर असू शकतं. कडेजवळ गोल छिद्र दिसलं तर दुरुस्तीचं छिद्र आहे का ते बघा.

‘मी’

बुक्केरोच्या एका कानाखाली दोन अक्षरं कोरलेली होती. वाचली तर ‘मी’. मला हसूच आलं. इट्रुस्कन भाषेत ‘मी’चा अर्थ खरोखरच ‘मी’ असा होतो. भांडं स्वतःच बोलतं: ‘मी लार्थिआ’, मी लार्थची वस्तू. मराठी माणसाला इथे नातं जोडायचा मोह होतो. आवरा. इट्रुस्कन इंडो-युरोपीय कुळातलीच नाही, हा निव्वळ योगायोग.

वाचण्यातल्या खऱ्या चुका वेगळ्या आहेत. लेख बहुधा उजवीकडून डावीकडे जातो. तुकडा उलटा धरला तर दिशाही उलटी होते, म्हणून आधी भांड्याचा वर-खाली ठरवा: चाकाच्या रेघा आडव्या करा, काठ असेल तर तो टेबलावर उपडा ठेवून प्रकाश आत जाणार नाही अशा बेताने झुकवा. हीच युक्ती चित्र काढताना काठाचा कोन ठरवायला लागते. हाताने घडवलेल्या इम्पास्तोचा काठ मुळातच वाकडा असतो; तिथे व्यासाचा एकच आकडा न लिहिता ‘२४ ते २८ सेंटिमीटर’ असा लिहा. अक्षरं ओल्या मातीत कोरली होती की भाजल्यावर खरवडली होती, हेही नोंदवा. ओल्या मातीत कोरलं तर काठाशी माती उचललेली दिसते आणि ते कुंभाराच्या घरातलं लिखाण. भाजल्यावर कोरलं तर काठ ठिसूळ तुटतो. ते मालकाचं, नाहीतर देवळात भांडं वाहणाऱ्याचं असू शकतं.

गाव नसलेला तुकडा

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९१५ ते १९२१ या काळात टेराकोटाचे तीन भव्य ‘इट्रुस्कन’ पुतळे विकत घेतले. ते तुकड्यांतच आले होते. कुठे सापडले याचा भरवशाचा पत्ता कधी मिळाला नाही. १९६० मध्ये जोसेफ नोबल यांनी काळा रंग तपासला तर त्यात मँगनीज. खरा प्राचीन काळा तर वर सांगितला तसा लोहाचा आणि भट्टीतल्या हवेचा खेळ. १९६१ च्या जानेवारीत अल्फ्रेदो फियोरावांती याने रोममध्ये कबुली दिली: भट्टी लहान होती, म्हणून पुतळे न भाजताच फोडले आणि तुकडे भाजले. एका योद्ध्याचा गायब अंगठा त्याने स्वतःजवळ जपून ठेवला होता, तो हाताला बरोबर बसला.

म्हणून कुणी ‘आजोबांच्या शेतात मिळाला’ म्हणत तुकडा पुढे केला, तर तो तुमच्या टेबलावर न घेणं बरं. इटलीत जमिनीतून निघालेली पुरावस्तू सरकारची असते; योग्य जागा म्हणजे तिथलं पुरातत्त्व खातं, सोप्रिंतेन्देन्झा. चोरून खणणाऱ्यांना तिथे ‘तोंबारोली’ म्हणतात आणि त्यांच्या मालाला अभ्यासकाचं नाव चिकटलं की भाव वाढतो.

पण गाव हरवायला चोरच लागतो असं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मी धुतलेली खापरं जाळीच्या तीन ताटांत सावलीला वाळत घातली आणि चिठ्ठ्या वरच ठेवल्या, खडा न ठेवता. जेवायला गेले. दुपारच्या वाऱ्याने तिन्ही चिठ्ठ्या अंगणभर केल्या. कोणती कुणाची, काही कळेना. चारशेच्या आसपास तुकडे ‘संदर्भ नाही’ या खोक्यात गेले. आता मी प्रत्येक ताटाला चिठ्ठी सुतळीने बांधते. पिशवीत एक, पिशवीवर एक, पेन्सिलने किंवा न पुसणाऱ्या शाईने. आतली चिठ्ठी छोट्या वेगळ्या पाकिटात, नाहीतर अर्धवट वाळलेल्या खापरांच्या ओलाव्याने तिचा लगदा होतो. चिठ्ठीवर बुक्केरो की झिलई हे न लिहिता आधी चर, थर, तारीख लिहिते. जात लिहायला टेबल आहे. ज्याची जात ठरत नाही त्याच्यासाठी ‘अनिश्चित’ नावाचं एक खोकं आहे, ते दर शनिवारी पुन्हा उघडायचं असतं.